नव्या मुख्याध्यापकांची निवड: पालकांनी आपले म्हणणे संस्थेपर्यंत कसे पोहोचवावे

खाजगी शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होत असल्याची बातमी पालकांना बहुधा निरोपसमारंभाच्या पत्रिकेतून कळते, आणि तोपर्यंत त्यांच्या जागी कोण येणार हे संस्थेच्या बैठकीत ठरून गेलेले असते. मी एका विनाअनुदानित शाळेच्या पालक-शिक्षक संघात उपाध्यक्ष असताना आमच्याकडे असा बदल झाला, आणि सुदैवाने आम्हांला तो आधी कळला. त्या वर्षभरात जे जमले आणि जे चुकले त्यावरून, ज्या पालकांसमोर आता हा प्रसंग येणार आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: पालकांनी संस्थेला नाव सुचवू नये, शाळेची गरज सांगावी. कोणता उमेदवार चांगला हे आपल्याला बाहेरून फारसे कळत नाही, परंतु शाळेत रोज कुठे काय अडते हे आपल्याइतके संस्थेच्या विश्वस्तांनाही ठाऊक नसते, आणि निवड चांगली व्हायची असेल तर हीच माहिती लागते.

कायद्याने आपल्याला काय दिले आहे

महाराष्ट्रात मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकार शाळा चालवणाऱ्या संस्थेचा आहे, आणि विनाअनुदानित शाळेतील पालकांना त्या नेमणुकीत कोणत्याही कायद्याने मत दिलेले नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये ज्या शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे, आणि जिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे सांगितले आहे, ती विनाअनुदानित खाजगी शाळांना बंधनकारक नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न शाळांच्या व्यवस्थापन समितीत दोन पालक असतात, त्यामुळे तुमची शाळा त्या मंडळाची असेल तर ते दोन पालक कोण आहेत याची चौकशी पहिल्याच दिवशी करावी. पुष्कळ पालकांना त्यांची नावेही माहीत नसतात.

बाकीच्यांच्या हाती उरतो तो पालक-शिक्षक संघ. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार प्रत्येक खाजगी शाळेत शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत हा संघ स्थापन करावा लागतो, शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याचे पालक आणि सर्व शिक्षक त्याचे सदस्य असतात, आणि कार्यकारी समितीतील पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागते. या समितीचे मुख्य काम शुल्काचे असले, तरी शाळेने पालकांशी औपचारिकपणे बोलण्याची ही एकच जागा आहे, म्हणून मुख्याध्यापकांच्या निवडीबद्दलचे निवेदन येथूनच जावे. एक अडचण मात्र लक्षात ठेवावी. या समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापकच असतात. जाणाऱ्या मुख्याध्यापकांसमोर बसून ‘पुढचे कसे असावेत’ यावर मोकळेपणाने बोलणे कोणालाच शक्य नसते आणि ते त्यांच्यासाठीही क्लेशदायक असते. आम्ही त्यांनाच विनंती केली की उपाध्यक्षांच्या पुढाकाराने चार पालक आणि एक शिक्षिका अशा छोट्या गटाला या विषयावर स्वतंत्रपणे काम करू द्यावे, आणि त्यांनी आनंदाने होकार दिला.

सेवाज्येष्ठतेचा नियम समजून घ्यावा

पालकांच्या चर्चेत सर्वांत मोठा गैरसमज येथे असतो. संस्था जाहिरात देईल, मुलाखती होतील आणि सर्वोत्तम उमेदवार बाहेरून येईल, असे आपण गृहीत धरतो. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांनुसार, मुख्याध्यापकाचे पद संस्थेच्या शाळेत किंवा शाळांत काम करणाऱ्या, पात्रता पूर्ण करणाऱ्या आणि समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला द्यायचे असते. माध्यमिक शाळेसाठी ही ज्येष्ठता नियमावलीच्या अनुसूची ‘फ’ प्रमाणे ठरते. पदवी आणि बी.एड., तसेच किमान ५ वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव व त्यांपैकी किमान २ वर्षे बी.एड. नंतरची, ही माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाची मूळ पात्रता आहे. हा कायदा अनुदानित शाळांप्रमाणे विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. अल्पसंख्याक संस्थांना मात्र मुख्याध्यापकाच्या नेमणुकीत यातून सूट आहे, आणि राज्य मंडळाखेरीज अन्य मंडळांच्या शाळांत त्या त्या मंडळाच्या संलग्नतेच्या अटीही पाहाव्या लागतात. म्हणून आपली शाळा कोणत्या गटात मोडते हे संस्थेच्या कार्यवाहांना लेखी विचारूनच पुढचे पाऊल टाकावे.

सर्वांत ज्येष्ठ पात्र शिक्षकाचा हक्क डावलता येतो तो त्या शिक्षकाने स्वखुशीने, शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी देऊन हक्क सोडला तरच. आणि डावलल्या गेलेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. याचा पालकांसाठी अर्थ असा की एखाद्या ज्येष्ठ शिक्षिकेने ‘माघार घ्यावी’ म्हणून वातावरण तयार करणे हे अन्याय्य तर आहेच, शिवाय त्यामुळे शाळा वर्षानुवर्षे खटल्यात अडकू शकते आणि तोवर प्रभारी मुख्याध्यापकांवर कारभार चालतो. आमच्याकडे हे घडता घडता राहिले. गणिताच्या एक बाई कडक म्हणून ओळखल्या जात, आणि त्यांचे नाव ज्येष्ठता यादीत वर असल्याचे कळताच आठवीच्या काही पालकांनी सह्यांचा कागद फिरवायला सुरुवात केली. तो कागद शाळेच्या फाटकाशी, बाईंच्या वर्गातल्या मुलींच्या देखत, स्कूटरच्या सीटवर ठेवून सह्या घेतल्या जात होत्या. आम्ही तो थांबवला, पण दोन दिवस उशिरा. बाईंनी पंचवीस वर्षे त्या शाळेत शिकवले होते, आणि त्यानंतर कित्येक आठवडे त्या शिक्षककक्षातून मधल्या सुट्टीत बाहेर आल्या नाहीत. आपल्या शाळेत हे होऊ नये अशी इच्छा असेल तर गटाची पहिली बैठक होण्याआधीच वर्गप्रतिनिधींना स्पष्ट सांगावे की कोणत्याही शिक्षकाच्या बाजूने किंवा विरोधात सह्या गोळा करायच्या नाहीत.

निवड ज्येष्ठतेने होणार असेल तर पालकांच्या म्हणण्याला अर्थ उरत नाही, असे समजू नये. तेव्हा प्रश्न ‘कोण’ हा नसतो, ‘त्यांना कशाची मदत लागेल’ हा असतो. शिकवण्यात निष्णात असलेल्या पण कार्यालयीन कामाचा अनुभव नसलेल्या बाईंना अनुभवी उपमुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक मिळावा, काही महिने जुन्या मुख्याध्यापकांबरोबर काम करता यावे, असे पालकांनी सुचवले तर संस्था ते ऐकते. आमच्या संस्थेने ऐकले.

कधी सुरुवात करावी

खाजगी शाळांतील शिक्षक व मुख्याध्यापकांचे निवृत्तीचे वय ५८ आहे, त्यामुळे निवृत्तीची तारीख कित्येक वर्षे आधीच ठरलेली असते. जून-जुलैमध्ये नवी कार्यकारी समिती झाली की पहिल्याच बैठकीत, येत्या दीड वर्षात मुख्याध्यापक बदलणार आहेत का, एवढेच विचारावे. उत्तर ‘हो’ असेल तर दिवाळीपूर्वी पालकांचे म्हणणे गोळा करावे आणि जानेवारीत ते संस्थेला द्यावे. मार्चमध्ये परीक्षा आणि शुल्काचे प्रश्न सुरू झाले की कोणाचेच लक्ष राहत नाही. राजीनामा अचानक आला तर एवढा वेळ मिळणार नाही. तेव्हा पुढे सांगितलेल्या तीन प्रश्नांपैकी तिसरा तेवढा विचारावा आणि पंधरा दिवसांत सारांश द्यावा.

पालकांना काय विचारावे

सगळ्या कामाचे मोल या टप्प्यावर ठरते, आणि आमची सर्वांत मोठी चूक येथेच झाली. पहिल्या खेपेस आम्ही ‘तुम्हांला कसे मुख्याध्यापक हवेत?’ असा प्रश्न विचारून मोबाईलवर भरायचा फॉर्म पाठवला. उत्तरे भरपूर आली, आणि त्यांतली बहुतेक सारखीच होती: शिस्तप्रिय, प्रेमळ, अनुभवी, इंग्रजी चांगले असलेले. या उत्तरांवरून संस्थेने काय करायचे? जगातल्या कोणत्याही शाळेतल्या पालकांनी हेच लिहिले असते. शिवाय फॉर्म भरणारे पालक तेच होते जे एरवीही सर्व बैठकांना येतात.

दुसऱ्या खेपेस आम्ही गुणांबद्दल विचारणे सोडले आणि घडलेल्या गोष्टींबद्दल विचारले. कागदावर छापलेले तीन प्रश्न मुलांच्या दप्तरातून घरी गेले. गेल्या वर्षभरात तुम्ही शाळेत कोणत्या कामासाठी आलात, कोणाला भेटलात आणि काम किती दिवसांत झाले? मुलाने घरी येऊन सांगितलेली अशी कोणती गोष्ट आहे जी नव्या मुख्याध्यापकांनी बदलू नये? आणि शाळेला सांगावीशी वाटली पण सांगितली नाही अशी एखादी गोष्ट आहे का, आणि ती का सांगितली नाही? नाव लिहिण्याची सक्ती नव्हती. कागद पेटीत टाकायचे होते, वर्गशिक्षकांकडे द्यायचे नव्हते.

या वेळी जे आले ते वाचताना आम्ही गप्प झालो. एका रिक्षाचालक वडिलांनी लिहिले होते की मुलाच्या बोनाफाईड दाखल्यासाठी ते तीनदा आले, कारण कार्यालयाची खिडकी ११ ते १ एवढीच उघडी असते, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या शाळेच्या फेऱ्या असतात. पहिल्या मजल्यावरच्या पाण्याच्या टाकीपाशी मोठी मुले लहानांना ढकलतात, म्हणून आपली मुलगी दिवसभर पाणीच पीत नाही, असे एका आजींनी लिहिले होते. तिसऱ्या प्रश्नाखाली कितीतरी कागदांवर एकच कारण निरनिराळ्या शब्दांत होते: सांगितले तर मुलावर राग निघेल. त्यांतला एक कागद चौकटीच्या वहीतून फाडलेला होता. छापील कागद हरवला असावा. निळ्या शाईने, फार सरावाने न लिहिणाऱ्या हाताने चार ओळी लिहिल्या होत्या आणि खाली ‘कृपया नाव सांगू नये’ असे होते, जरी नाव कोठेही लिहिलेले नव्हते. आम्हांला कोणते मुख्याध्यापक हवेत हे त्या कागदाने पहिल्या खेपेच्या सगळ्या उत्तरांहून स्पष्ट सांगितले: ज्यांच्याकडे जाऊन तक्रार सांगायची भीती वाटणार नाही असे.

कागद शाळेच्या माध्यमाच्या भाषेत आणि मराठीत असे दोन्ही प्रकारे छापावेत. ज्यांना लिहिणे अवघड जाते अशा पालकांना वर्गप्रतिनिधींनी शाळा सुटताना गाठून त्यांचे म्हणणे स्वतः लिहून घ्यावे. शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांच्या पालकांपर्यंत तर मुद्दाम पोहोचावे, कारण व्हॉट्सॲपच्या गटांत ते असले तरी बोलत नाहीत, आणि त्यांच्या मुलांच्या वाट्याला शाळेचा जो अनुभव येतो तो आपल्या मुलांच्या अनुभवापेक्षा पुष्कळदा वेगळा असतो. घरी मुलाला रोज शाळेत सोडणारे आजी-आजोबा असतील तर त्यांनाही विचारावे. फाटकाशी काय चालते हे त्यांनाच ठाऊक असते.

सारांश कसा लिहावा

आलेले कागद दोघांनी वेगवेगळे वाचावेत आणि मग एकत्र बसून त्यांचे तीन भाग करावेत. जे मुख्याध्यापकांच्या हातात आहे ते एका बाजूला, जे संस्थेच्या हातात आहे, म्हणजे इमारत, शुल्क, बसचे कंत्राट, ते दुसऱ्या बाजूला, आणि एखाद्या विशिष्ट शिक्षकाविरुद्धची तक्रार तिसऱ्या बाजूला. हा तिसरा भाग सारांशात येऊ देऊ नये. त्या तक्रारी खऱ्या असतील तर त्यांची वाट वेगळी आहे, आणि मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर त्याच दिवशी योग्य ठिकाणी कळवावे. निवडीच्या कागदात त्या मिसळल्या की संस्था सगळाच कागद संशयाने वाचते.

उरलेले दोन पानांत लिहावे. त्यात ‘मुख्याध्यापक संवेदनशील असावेत’ यासारखे वाक्य लिहू नये; ‘पालकांना आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी ५ नंतर भेटणारे मुख्याध्यापक हवेत, कारण नोकरदार आणि रोजंदारीवरचे पालक दिवसा येऊ शकत नाहीत’ असे लिहावे. जे चांगले चालले आहे तेही तितक्याच नेमकेपणाने लिहावे, नाहीतर नवीन माणूस उत्साहाने तेच आधी मोडतो. आमच्या शाळेत सोमवारच्या परिपाठात प्रत्येक वर्ग आळीपाळीने वर्तमानपत्रातली एक बातमी स्वतःच्या शब्दांत सांगत असे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत त्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा आला, आणि शिक्षकांनाही त्याचे आश्चर्य वाटले. निवेदन कार्यवाहांना समक्ष द्यावे, पोच घ्यावी, आणि उत्तराची तारीख विचारून ठेवावी.

मुलाखतीत पालक असतील तर

जेथे नेमणूक ज्येष्ठतेने न होता मुलाखतींतून होते, तेथे काही संस्था पालकांच्या एक-दोन प्रतिनिधींना उमेदवारांशी बोलू देतात. तशी विनंती जरूर करावी. मतदानाचा हक्क मात्र मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नेमणुकीची कायदेशीर जबाबदारी संस्थेची आहे, आणि ज्याची जबाबदारी त्याचाच निर्णय असणे योग्य. आपण एवढेच मागावे की पालकांची लेखी निरीक्षणे निर्णयापूर्वी संस्थेच्या विश्वस्तांसमोर ठेवली जातील आणि इतिवृत्तात त्यांची नोंद होईल. ज्यांचा शाळेशी गणवेश, वह्या-पुस्तके, बस किंवा खानावळीचा व्यवहार आहे त्या पालकांनी प्रतिनिधी होऊ नये. ज्यांचे मूल त्याच वर्षी दहावी होऊन बाहेर पडणार आहे त्यांच्यापेक्षा ज्यांचे मूल पुढे पाच-सहा वर्षे त्या शाळेत असणार आहे अशांना पाठवावे.

प्रश्न थोडे आणि प्रसंगाचे असावेत. ‘शिक्षणाबद्दल तुमची दृष्टी काय’ या प्रश्नाचे उत्तर सर्वांनी पाठ केलेले असते. त्याऐवजी विचारावे की एका पालकाने सकाळी येऊन सांगितले की वर्गशिक्षकांनी मुलाला मारले, तर दुपारपर्यंत तुम्ही काय काय केलेले असेल? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली आहे. उमेदवार त्या कायद्याचे नाव घेतो की नाही हे महत्त्वाचे नाही, तो आधी मुलाला भेटतो, शिक्षकांना भेटतो की संस्थेला फोन करतो हे ऐकावे. आणखी एक प्रश्न मी कोणत्याही परिस्थितीत वगळणार नाही. शाळेतल्याच एखाद्या कर्मचाऱ्याकडून मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोलिसांना कळवण्यापूर्वी तुम्ही संस्थेची परवानगी घ्याल का? २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि आपल्या हाताखालच्या व्यक्तीबाबत ती न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. या प्रश्नावर जो अडखळतो, ‘आधी अंतर्गत चौकशी करू’ म्हणतो, त्याच्याबद्दलचे निरीक्षण मोठ्या अक्षरात लिहावे.

बाहेरून येणाऱ्या उमेदवाराला त्याच्या सध्याच्या शाळेतून गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले आणि का, हेही विचारावे. इंग्रजी माध्यमाची शाळा असेल तर मराठीच्या तासांचे काय करणार हे विचारावे. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची केली आहे, परंतु ती मनापासून शिकवली जाते की वेळापत्रकात दाखवण्यापुरती, हे मुख्याध्यापकांवरच ठरते. शक्य असल्यास उमेदवाराला शाळा सुटण्याच्या वेळी बोलवावे आणि दहा मिनिटे फाटकाशी उभे राहू द्यावे. त्याने तेथे काय पाहिले हे नंतर विचारले की पुष्कळ कळते.

उमेदवारांची नावे गटाबाहेर अजिबात जाऊ देऊ नयेत. बहुतेक जण दुसऱ्या शाळेत नोकरीत असतात, आणि आपल्या व्हॉट्सॲप गटातला एक संदेश त्यांच्या संस्थेपर्यंत पोहोचला तर त्यांची असलेली नोकरी धोक्यात येते. प्रतिनिधींनी आपली टिपणे मुलाखतीच्या दिवशीच संस्थेकडे द्यावीत आणि स्वतःकडे प्रत ठेवू नये.

नेमणूक झाल्यावर

नेमणूक जाहीर होताच, ती आपल्या मनासारखी असो वा नसो, तेच दोन पानी निवेदन नव्या मुख्याध्यापकांना द्यावे, मात्र पहिल्या आठवड्यात त्यावर चर्चा मागू नये. कार्यकारी समितीच्या पहिल्या त्रैमासिक बैठकीत निवेदनातला एकच मुद्दा घ्यावा, आणि तो असा निवडावा जो त्यांना खर्चाशिवाय आणि संस्थेच्या मंजुरीशिवाय करता येईल. आम्ही कार्यालयाच्या खिडकीची वेळ घेतली. गणिताच्या बाई, ज्या तोपर्यंत मुख्याध्यापिका झाल्या होत्या, त्यांनी ती सकाळी शाळा भरण्याआधी अर्धा तास वाढवली आणि फलक स्वतःच्या अक्षरात लिहून लावला. पाण्याच्या टाकीसाठी मात्र दुसऱ्या बैठकीपर्यंत थांबावे लागले, कारण तेथे आणखी एक नळजोडणी हवी होती आणि ते काम संस्थेचे होते. दप्तरांतून आलेले मूळ कागद त्या दुसऱ्या बैठकीनंतर आम्ही दोघांनी मिळून फाडून टाकले, चौकटीच्या वहीतला तो कागदही.